उंदरांसाठी ठोकलेला पत्रा

दुधाच्या पेल्यावर झाकलेली ताटली खणखणली.

दुपार होती. लाइट गेलेली, पंखा बंद, सासूबाई माजघरात लवंडलेल्या. घरात कधी नव्हे इतकी शांतता होती, की लायटरचा आवाज नको म्हणून मी चहा टाकायचंसुद्धा पुढे ढकलत होते. ताटली आपोआप कशी वाजली म्हणून वळून पाहिलं. मांजर नव्हतं. पेल्यातलं दूध मात्र हलत होतं. मग लक्षात आलं, ताटलीच्या आधी आणखी एक आवाज येऊन गेला होता. तो कानांऐवजी तळपायांना कळला होता.

"मनू!"

मनू मागच्या दाराच्या पायरीवर बसून लवू माडावर कसा चढतो ते बघत होती. चार वर्षांची होती तेव्हा. मी धावत बाहेर गेले तर ती पायरीवरच होती, दोन्ही हात फ्रॉकात गुंडाळून. तिला उचललं, डोकं चाचपलं, हातपाय चाचपले, आणि मगच मला माड दिसला, आणि माडाखाली बसलेला लवू.

"काय नाय, काय नाय, वयनी," तो म्हणाला. "चाय टाक."

माडाला पाठ टेकून बसला होता, जणू घटकाभर विसावलाय. पण चेहरा पांढराफटक होता, दोन्ही तळहातांतून रक्त येत होतं, आणि डाव्या पायाची टाच जिथे असायला हवी तिथे नव्हती. शेजारी पत्रा पडला होता. त्याच्या एका खिळ्याला माडाच्या सालीचा तुकडा अडकून आला होता.

"आई, लवूकाका पत्र्याला धरून खाली आला," मनू म्हणाली. "पत्रा पण आला."

हा पत्रा आमच्या गिरीशचा. गिरीश म्हणजे माझा नवरा. गोव्यात कंपनीत होता, दर शनिवारी यायचा. उंदीर माडावर चढून कोवळे नारळ पोखरतात, तर माडाला मध्यावर गुळगुळीत पत्रा गुंडाळला की ते घसरून पडतात, असं त्याला कोणी तरी सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत त्याने शिडी लावून पत्रा ठोकला. मनू खाली उभी राहून फ्रॉकच्या ओच्यात खिळे घेऊन त्याला एकेक देत होती. त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी गॅसवाल्यालासुद्धा, ती हात धरून माडापाशी न्यायची. "हा पत्रा बाबांनी ठोकला. खिळे मी दिले."

आता लवू हा आमच्या वाडीतला पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. त्याच्या आधी त्याचा बाप आमच्याकडे चढायचा. त्या दिवशी सासूबाईंनीच त्याला बोलावलं होतं. गिरीशचं मस्कतचं काम ठरलं होतं, आणि मस्कतला खोबरं मिळत नसल्यासारखं त्यांना त्याच्यासोबत वड्या करून द्यायच्या होत्या. लवूने माडाला खालून न्याहाळलं आणि म्हणाला, "काकी, ह्यो पत्रो काढूक व्हयो."

"तेका शिडी व्हयी, पकड व्हयी. गिरीश इल्यार काढीत. तू जा असोच."

"जातंय. पत्रो उंदरांका. मी काय उंदीर आसंय?"

त्यावर मनू इतकी हसली की तिला उचकी लागली. लवूने मग तिच्यासाठी उंदरासारखं नाक हलवून दाखवलं, कोयता कमरेला खोचला आणि चढला. मी ताट धुवायला आत गेले.

त्यानंतर ताटली वाजली.

*

सासूबाई पदर सावरत मागच्या दारी आल्या. लवूकडे बघितलं, पत्र्याकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारला. "गे बाये माझे! राखणदाराक नारळ ठेवूक ऱ्हवलो!"

राखणदार म्हणजे जागेचं रक्षण करणारा. आमच्या परसाच्या कोपऱ्यात जांभळीच्या मुळाशी त्याचा दगड आहे. माडावर कोणाला चढवायचं तर आधी त्याच्यापुढे नारळ ठेवायचा, हा या घरचा रिवाज. मी फलटणची. लग्न होऊन आले तेव्हा हे सगळं मला फार गोड वाटलं होतं.

"आई, नारळ नंतर. रिक्षा बोलवा."

"चाय टाक गे," लवू म्हणाला. "चाय घेतलंय की चलतंय मी घराकडे."

"चालत? त्या पायाने?"

"मगे काय तुज्या पायान?"

मी काही बोलणार तेवढ्यात कुंपणावरून तात्या आले. तात्या आमचे शेजारी. तालुक्याच्या कोर्टात शिपाई होते. पक्षकारांची नावं मोठ्याने पुकारायची हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर वाडीने त्यांना वकील करून टाकलं. ते आधी पायाकडे बघतील अशी माझी समजूत होती. ते आधी माडाकडे बघत राहिले, मग कुंपणाकडे, मग मधलं अंतर मोजल्यासारखं करून म्हणाले, "आवारात पडलो."

"हो तात्या, आवारात पडले. रिक्षाला फोन लावता का?"

"लावतंय. पण आधी ऐक. आवारात पडलो म्हणजे मालक जबाबदार. कामाक कोणी बोलयलो? वयनीन. माड कोणाचो? वयनीचो. पत्रो कोणी मारलो? वयनीच्या झिलान. तीनय बोटां हयच येतत." त्यांनी खरंच तीन बोटं त्यांच्या वयनीसमोर, म्हणजे सासूबाईंसमोर, धरली. "रस्त्यार पडलो असतो तर गोष्ट येगळी. मगे ग्रामपंचायत."

"मगे उचला आणि ठेवा रस्त्यार," लवू म्हणाला. "सावली बघून ठेवा."

"मस्करी नाय. दवाखान्यात विचारतले, खंय पडलो. पोलीस येतले, जबाब घेतले. गिरीशचा नाव इला की तेचा पोलिसांचा सर्टिफिकेट खुंटयेक टांगला. मगे खंयचा मस्कत!"

सासूबाई पायरीवर बसल्या त्या बसल्याच. घर बांधायला काढलेलं कर्ज, गिरीशच्या कंपनीत चाललेली माणसं कमी करायची कुजबुज, हे सगळं मस्कतला जायला लागणाऱ्या त्या एका सर्टिफिकेटवर अडलं होतं. त्यांना दुसरं काही ऐकू येत नव्हतं. आणि माझ्यासमोर एक माणूस टाच हरवून बसला होता, आणि त्याला उचलण्याआधी त्याला कुठे पडलेला ठरवायचं याची चर्चा चालली होती.

"तात्या," मी म्हटलं, "तुम्ही रिक्षाला फोन लावता, की मी यांना पाठुंगळी घेऊ?"

"तापता लगेच," तात्या सासूबाईंना म्हणाले. "घाटावरची माणसां."

पण फोन लावला.

*

रिक्षात लवू मधे, एका बाजूला मी, एका बाजूला तात्या. मनूला सासूबाईंपाशी ठेवलं. प्रत्येक खड्ड्याला लवू डोळे मिटायचा आणि खड्डा संपला की कोणावर तरी टीका करायचा. रस्त्यावर, रिक्षावाल्यावर, तात्यांच्या पोटावर. मला राग येत होता. माणसाने अशा वेळी ओरडावं. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर माझ्याच वयाची मुलगी होती. रात्रपाळी करून उभी होती आणि अजून तिला कोणी सोडवलं नव्हतं, हे तिच्या केसांवरूनच दिसत होतं.

"कशावरून पडले?"

"माडावरसून," लवू म्हणाला.

"कोणाच्या?"

"माज्याच."

मी चमकून त्याच्याकडे बघितलं. तो तात्यांकडे बघत नव्हता, माझ्याकडेही नाही. समोरच्या भिंतीवर लसीकरणाचं चित्र होतं, त्यातल्या बाळाकडे बघत होता.

"नाही हो," मी म्हटलं. "आमच्या माडावरून. आमच्या परसात. माडाला पत्रा होता, तो निसटला."

तात्या खोकले. "डॉक्टर, तेचा असा आसा…"

"एकाने सांगा," डॉक्टर म्हणाली. "मला बाहेर रांग आहे."

लवू हसला. त्या पायाने, त्या चेहऱ्याने खरंच हसला. "डॉक्टरानूं, ही आमची वयनी घाटावरची. तिका सगळे माड सारकेच दिसतत. कोणाचो खंयचो ता कळणा नाय."

डॉक्टरलाही हसू आलं. तिने ते दाबलं. "आणि हाताला काय लागलं?"

"कोयतो."

"दोन्ही हातांना?"

"दोन कोयते होते."

ती माझ्याकडे वळली. "तुम्ही काय म्हणत होतात? पत्रा?"

"हो. पत्रा."

"डॉक्टर," लवू म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात मस्करी नव्हती, "पडलंय मी. हाड मोडला माजा. माका म्हायत आसतला ना, मी खंय पडलंय ता? लिवा. पाय दुखता."

पहिल्यांदाच म्हणाला, दुखतंय म्हणून. ती लगेच खाली वाकून लिहायला लागली. ज्याच्या बाजूने भांडायचं, तोच दुसऱ्या बाजूला जाऊन बसला तर माणसाने करायचं काय? तात्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि लवूच्या खांद्यावर थोपटलं, जणू त्यांच्या साक्षीदाराने उलटतपासणी चांगली निभावली.

पाय सुजेल, प्लास्टर नंतर घालू, मोठ्या दवाखान्यातही दाखवून घ्या, असं डॉक्टरने सांगितलं. एक्स-रेचा फोटो बघून म्हणाली, "टाचेचा चुरा झालाय. चालता येईल हळूहळू. पण माडावर चढणं आता विसरा."

"उतरूक येतला ना?" लवूने विचारलं. "उतरणाच जमणा नाय मेला."

कोणी हसलं नाही. परत येताना तो खड्ड्यांनाही काही बोलला नाही.

*

घरी आले तर लाइट आलेली, चहा झालेला, परस झाडून लख्ख. माडाखाली पाणी मारलेलं. पत्रा नव्हता.

"आई, पत्रा कुठेय?"

सासूबाई नारळ खोवत होत्या. खाली पडलेल्या नारळांतलेच. "खंयचो पत्रो?"

"माडाचा."

"माडाक पत्रो खंय आसता गो? माडाक नारळ आसतत."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या खोवणीवरून मान वर करीनात. खोबरं ताटात पडत होतं, पांढरंशुभ्र. त्या खोट्या बाई नव्हत्या. माझ्या बाळंतपणात रात्र रात्र जागल्या होत्या. नळावरच्या भांडणात दुसऱ्याची बाजू खरी निघाली तर तिच्या बाजूने बोलायच्या. म्हणूनच मला जास्त चीड आली.

"लवूदादांचा पाय गेलाय, आई. ते आता चढणार नाहीत."

खोवणी थांबली. मग त्या म्हणाल्या, "राखणदाराचो मान चुकलो. तेणी फेकल्यान. दुसरा काय एक नाय."

मनू माझ्या मागे येऊन साडीला धरून उभी होती. हळूच म्हणाली, "आजीने पत्रा न्हाणीच्या मागे नेला. मला म्हणाली, जा झोप."

"झोप म्हटला मगे झोपूक काय झाला?" सासूबाई ओरडल्या, आणि ओरडल्याबरोबर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मनूने तोंड माझ्या निऱ्यांत लपवलं.

मी गिरीशला फोन लावला. त्याला आधीच सगळं कळलं होतं, तात्यांकडून.

"अगं, तो पत्रा मी उंदरांसाठी ठोकला होता," तो म्हणाला. "माणसासाठी ठोकला होता का?"

"म्हणजे उंदीर पडला असता तर तू जबाबदार."

"तू भांडायला फोन केलास?"

"नाही. लवूदादांच्या टाचेचा चुरा झालाय, हे सांगायला केला."

त्याच्या पाठीमागे कंपनीतली यंत्रं ऐकू येत होती. "सर्टिफिकेट एकदा हातात पडू दे," तो म्हणाला. "मग मी स्वतः जातो लवूकडे."

"जाऊन काय सांगशील?"

"बघू."

"काय बघू?"

रेंज गेली. आमच्या घरात रेंज नेमकी अशा वेळीच जाते.

*

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंचा नवा नेम सुरू झाला. सकाळी पेजेचा डबा, दुपारी भात आणि माशाची कढी, लवूच्या घरी. स्वतः जायच्या नाहीत, मला पाठवायच्या. "लवूच्या बायलेक सांग, मीठ बघून घाल म्हणान." मी डबा घेऊन जायचे, लवूच्या बायकोच्या, सुलूच्या हातात द्यायचे, आणि ती दर वेळी म्हणायची, "कित्याक गे वयनी रोज रोज?" मला त्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक होतं आणि ते द्यायची घरातून मनाई होती. डबा पोचवणारी बाई म्हणून माझी नेमणूक झाली होती. डब्यात काय आहे ते मात्र बोलायचं नाही.

चौथ्या-पाचव्या खेपेला माझा धीर सुटला. लवू पडवीत खाटेवर पाय उशीवर ठेवून पडला होता, रेडिओ दुरुस्त करत असल्याचं नाटक करत.

"लवूदादा, तुम्ही दवाखान्यात असं का सांगितलंत?"

"कसा?"

"तुमच्या माडावरून पडलो म्हणून. तुमच्या दारात माड तरी आहे का?"

"आसा की. वाकडो."

"थट्टा नको. पत्रा निसटला म्हणून तुम्ही पडलात. गिरीशने नीट ठोकला नव्हता. हे कोणी तरी एकदा म्हणायला नको?"

त्याने रेडिओ बाजूला ठेवला. "वयनी, पत्र्यान पाडलो म्हटलंय तर लोक काय म्हणतले? लवू उंदरांच्या पत्र्यार घसारलो. जल्मभर उंदीर म्हणतले माका. राखणदारान फेकलो म्हटल्यार कसा… तेच्यापुढे कोणाचा काय चलता?"

"पण खरं काय ते तुम्हाला माहीत आहे."

"आसा ना." तो माझ्याकडे सरळ बघत म्हणाला. "तुका आसा, माका आसा, काकीक आसा. अजून कोणाक व्हया? माज्या बापाशीक तुज्या सासऱ्यान पयलो कोयतो घेऊन दिलो. त्या घराचा नाव मी पोलिसांत देव?" मग पुन्हा त्याचा तो आवाज आला. "आणि पत्र्याचा काय करतलंस? पत्र्यापुढे नारळ ठेवक येता? राखणदारापुढे ठेवक येता. काय तरी करूक येता."

आतून सुलू म्हणाली, "तोंडान माडार चडता अजून. पायान ऱ्हवला तरी."

लवू हसला. मी नाही हसले. परत येताना रिकाम्या डब्याचं झाकण वाटभर वाजत होतं आणि मी दर पावलाला त्याच्यावर हात दाबत होते.

*

आता त्याला चार वर्षं झाली. गिरीश मस्कतला गेला. वर्षातून एकदा येतो. पहिल्या खेपेला लवूसाठी अत्तराची बाटली आणि घड्याळ घेऊन आला, तासभर त्याच्या पडवीत बसला, मस्कतच्या गर्मीच्या गोष्टी सांगितल्या आणि उठला. मी बाहेर उभी राहून ऐकत होते. एका गर्मीवर माणूस किती बोलू शकतो! लवू आता काठी घेऊन चालतो, आमच्या पडवीत बसून नारळ सोलतो आणि चढणाऱ्या नव्या माणसाला खालून शिव्या घालतो. डबा अजून जातो. आता तो मनू नेते.

हे मी मनूचा धाकटा भाऊ झोपला की लिहिते. तो उठला की वही उशीखाली जाते. एवढे दिवस लागले ते त्यामुळेच, आणि दुसरं म्हणजे त्या रविवारचं कसं लिहावं ते कळत नव्हतं.

गिरीश निघायच्या आधीचा रविवार. सर्टिफिकेट मिळालं होतं. सासूबाईंनी राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्याने सगळं सांगायचं आणि मागायचं. सांगणारा एकेक वाक्य म्हणतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा." झालं. मग ते सगळ्यांनी मान्य केलं असं होतं.

मनूला तो प्रकार भारी आवडायचा. होळीला, गणपतीत, कुठेही गाऱ्हाणं असलं की ही पुढे, आणि "व्हय म्हाराजा" सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने. कधी कधी वाक्य संपायच्या आतच.

गाऱ्हाणं तात्या घालणार होते. कोर्टातला आवाज, दुसरं कोण? लवूला दोघांनी खुर्चीत बसवून उचलून आणलं आणि जांभळीखाली ठेवलं, प्लास्टरचा पाय दुसऱ्या खुर्चीवर. सुलू त्याच्या पाठीशी. गिरीश हात जोडून, नवीन शर्ट घालून. सासूबाईंनी दगडापुढे पान ठेवलं, नारळ ठेवला, गूळ ठेवला. वर आमचा तो माड होता. त्याच्या खोडावर मध्यावर एक फिकट पट्टा उमटला होता, पत्र्याखालचा ऊन न लागलेला. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. सगळे इतक्या काळजीने बघत नव्हते, की मला दुसरं काही दिसेना.

तात्यांनी घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा! ह्या जाग्येच्या राखणदारा! आज हय तुजी लेकरां तुज्यापुढे हात जोडून उभी आसत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घराकडसून तुजो मान देवचो ऱ्हवलो, नारळ ठेवचो ऱ्हवलो, तेचो तुका राग इलो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्या रागान तू ह्या लवूक, ह्या गरीब लेकराक, माडावरसून खाली टाकलंस…"

"व्हय म्हाराजा!"

गिरीशचा आवाज सगळ्यात मोठा होता. लवू मान खाली घालून म्हणत होता. मी ओठ मिटून उभी होते. एवढंच माझ्या हातात होतं. मग सासूबाईंनी तात्यांच्या बाहीला हात लावला आणि त्यांच्या कानात काही तरी सांगितलं. तात्यांनी भुवया उंचावल्या. सासूबाईंनी पुन्हा सांगितलं.

"आणि… बा देवा म्हाराजा," तात्या जरा अडखळत म्हणाले, "ह्या घरची बाय तुज्यापुढे शब्द देता, आजपासून ह्या माडाचे सगळे नारळ लवूच्या घराचे. तो आसा तवसर तेचे, आणि तेच्या मागे तेच्या बायलेचे रे म्हाराजा!"

कोणी 'व्हय' म्हणायच्या आत लवूने मान वर केली. "पण काकी," तो म्हणाला, "ते पाडूक चडतलो कोण?"

सुलूने पदर तोंडाला लावला. हसली की काय ते मला कळलं नाही. गिरीश आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. सासूबाई मात्र दगडाकडे न बघता लवूकडे बघत होत्या, हात अजून जोडलेलेच. तेव्हा मला कळलं, की ते हात कधीपासून कोणासमोर जोडलेले होते. एक वाक्य सोडून त्या बाईने सगळं केलं होतं. पेज, कढी, माड. ते एक वाक्य आपल्या मुलाच्या वाटेत येईल म्हणून त्या गिळून बसल्या होत्या.

"चूक झाली आसात ती पदरात घे," तात्यांनी घाईघाईने पुढचं पुकारलं, "आणि लवूच्या पायाक बळ दी, गिरीशची वाट मोकळी कर, लहानथोरांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांचा आवाज एकदम उठला आणि खाली बसला. त्यात एक आवाज कमी होता. मी खाली बघितलं. मनू आज एकदाही म्हणाली नव्हती. पडल्या दिवसापासून तिने कोणालाही हात धरून माडापाशी नेलं नव्हतं, हेही मला तेव्हाच जाणवलं. ती फ्रॉकचा ओचा दोन्ही हातांनी धरून उभी होती, त्यात काही तरी सांभाळल्यासारखी. ओचा रिकामा होता.

तात्या शेवटचं वाक्य म्हणायला श्वास घेत होते. तिने माझं बोट ओढलं. मी वाकले. तिचा श्वास माझ्या कानाला गरम लागला.

"आई," ती कुजबुजली, "खिळे तर मी दिले होते ना बाबांना? मी म्हणू का, 'व्हय म्हाराजा'?"